चार तारखा आणि एक बोट

(एका स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा छापील पाठ)

कुत्रं चावलं की मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: पिसाळलेलं होतं का? दुसराही ठरलेला: सुई घेतली का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की घर शांत होतं. जमलेले शेजारी आपापल्या दाराकडे वळतात, चहाचं आधण ठेवलं जातं आणि पट्टी बांधलेला हात उशीवर टेकवून चावलेला माणूस टीव्हीसमोर बसतो. दात किती आत गेला, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आजचा विषय तो तिसरा प्रश्न आहे.

पहिले दोन प्रश्न चुकीचे आहेत असं मुळीच नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर घेतलेली लस त्याला जवळजवळ नेहमी वाचवते. इतका सरळ हिशेब वैद्यकात दुसरीकडे क्वचितच सापडेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या देशव्यापी पाहणीत वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश आणि ५,७०० च्या आसपास रेबीजचे मृत्यू असा अंदाज निघाला. त्या दंशांपैकी चारातले तीन कुत्र्यांचे. सरकारदरबारी नोंदल्या गेलेल्या श्वानदंशांचा २०२४ चा देशाचा आकडा ३७ लाखांच्या वर आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा ४ लाख ८५ हजारांच्या आसपास. एवढी माणसं दारात उभी असताना प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर आधी लशीची कुपी उघडणार, हे ओघानेच आलं.

त्यात जुनी भीती आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे शब्द तो बेंबीभोवती हात फिरवूनच उच्चारतो. ती लस सर डेव्हिड सेंपल यांनी कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९११ साली तयार केली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनायची, पोटाच्या कातडीखाली टोचायची, आणि एखाद्याला तिच्यामुळेच लकवा व्हायचा. भारतात तिचं उत्पादन थांबलं २००४ च्या अखेरीस. म्हणजे तब्बल तीन-चार पिढ्या कुत्र्याच्या दाताला घाबरल्या त्याहून जास्त त्या सुईला घाबरल्या. सुई पोटातून दंडावर आली, चौदाच्या चार झाल्या. तरी श्वानदंश म्हणजे रेबीज आणि रेबीज म्हणजे सुई हे समीकरण डोक्यात जसंच्या तसं राहिलं. त्या समीकरणात हाडाला जागाच नाही.

आता कुत्रं चावलेल्या माणसाला मिळणारं लशीचं कार्ड पाहू. पिवळट किंवा गुलाबी, दोन घड्यांचं, खिशात राहून कोपरे मऊ झालेलं. कातडीत टोचायची लस असेल तर त्यावर चार रकाने: शून्य, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर त्यात चौदाव्या दिवसाची भर. रकान्यात तारीख, पुढे सही, कधी निळा शिक्का. हे कार्ड माणसं रेशनकार्डासारखं जपतात. शेवटचा रकाना भरला की चावा संपला, अशी घरादाराची समजूत असते. हाडाला मात्र या कार्डाचा पत्ता नसतो. त्याच्या तारखा वेगळ्या असतात.

सभागृहात बसल्या जागी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. डाव्या हाताची मूठ घट्ट आवळायची आणि मुठीवर जे सांधे उंच येतात त्यांतल्या एकावरून उजव्या हाताचं बोट फिरवायचं. कातडी, तिच्याखाली बोट सरळ करणारी कंडरा, मग सांध्याची पातळ पिशवी, की आलंच हाड. सगळा पसारा काही मिलिमीटरचा. मध्ये ना चरबीची गादी, ना मांसाचा थर. मध्यम बांध्याच्या कुत्र्याच्या सुळ्याला इथून हाडापर्यंत पोचायला त्याची अर्धी लांबीसुद्धा लागत नाही.

आता मूठ उघडायची. कातडी एका बाजूला सरकते, कंडरा दुसरीकडे. मूठ आवळलेली असताना दाताने पाडलेलं सरळ भोक आता तीन थरांत तीन ठिकाणी गेलं. वरून दिसतो डाळीच्या दाण्याएवढा ठिपका, रक्तही फारसं नाही. आणि आत सांध्याच्या पिशवीत लाळेचा थेंब कोंडलेला. वरून कितीही पाणी सोडलं तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोटरीचा लचका तुटून लोंबत असला तर घरचे घाबरतात आणि रिक्षा करून थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठतात. बोटावरच्या ठिपक्याला हळद लागते. हाडाच्या दृष्टीने पाहिलं तर या दोघांत ठिपका जास्त वाईट निघू शकतो, कारण उघडी जखम निदान वाहून स्वच्छ होते.

कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. त्यातले चार सुळे भोकं पाडतात आणि बाकीचे चिरडतात, फाडतात. मांजराचे दात सुईसारखे, म्हणून ते खोल जातात आणि बाहेरून दिसतही नाहीत. श्वानदंशांपैकी ढोबळमानाने ५ ते २० टक्के चिघळतात, मांजराच्या चाव्यांत हेच प्रमाण ३० ते ५० टक्क्यांवर जातं, आणि हाडात व सांध्यात जंतू नेऊन सोडण्यातही मांजर कुत्र्याच्या पुढे आहे. पण मांजर चावलं म्हणून रजा टाकून दवाखान्यात जाणारा माणूस शोधावा लागेल. कुत्र्यांची संख्या आणि त्यांच्या चाव्यांची संख्या एवढी मोठी की एकूण हिशेबात भार पुन्हा त्यांच्याच माथी येतो.

तोंडात काय असतं, याचा नीट धांडोळा १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या १८ इमर्जन्सी विभागांत चिघळलेल्या चाव्यांसह आलेल्या रुग्णांचे नमुने काळजीपूर्वक वाढवले गेले: ५० कुत्र्यांचे चावे, ५७ मांजरांचे. एकेका जखमेत सरासरी पाच-पाच जातींचे जंतू निघाले. हवा लागणारे आणि हवा न चालणारे एकाच भोकात शेजारी नांदत होते. त्यांत सर्वांत ठळक पाश्चरेला. कुत्र्यांच्या निम्म्या जखमांत आणि मांजरांच्या तीन-चतुर्थांश जखमांत तो हजर होता. बरोबर स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस होतेच, ते तर माणसाच्या स्वतःच्या कातडीवरही असतात.

पाश्चरेला या नावापाशी थोडं थांबायला हवं. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू लुई पाश्चरने १८७९–८० च्या सुमारास प्रयोगशाळेत दुबळा करून दाखवला आणि लशींचं आधुनिक शास्त्र तिथून पुढे सरकलं. त्या जंतूच्या घराण्याला १८८७ मध्ये पाश्चरचं नाव मिळालं. मधल्या काळात, ६ जुलै १८८५ रोजी, आल्सेसहून नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला घेऊन त्याची आई पॅरिसला आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी फोडलं होतं. दहा-अकरा दिवसांत त्याला तेरा टोचण्या दिल्या गेल्या आणि पोरगा वाचला. २८ सप्टेंबर ही पाश्चरची पुण्यतिथी, म्हणून त्याच दिवशी जग रेबीज दिन पाळतं. पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस पाश्चरची, आणि चांगल्या, लाडक्या, लस टोचलेल्या कुत्र्याच्या हिरड्यांत नांदणारा जंतूही पाश्चरच्याच नावाचा. एकाच चाव्याच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाची पाटी लागलेली आहे.

मायस्टरच्या गोष्टीतला एक तपशील मात्र शाळेच्या धड्यात येत नाही. पॅरिसला निघण्याआधीच, चाव्यानंतर साधारण बारा तासांनी, गावाकडच्या डॉक्टरने त्याच्या जखमा कार्बोलिक ॲसिडने डागल्या होत्या. पाश्चरने स्वतःच्या अहवालात ते नोंदवून ठेवलं आहे. जगाने सुई लक्षात ठेवली, जखम विसरली. आपल्या आरोग्य केंद्रांतही थोड्याफार फरकाने तेच चालू आहे.

हाडाच्या तारखा कशा पडतात ते एका नमुन्यावरून कळेल. ही बाई कोणी एक नाही. हाताच्या सर्जनांकडे उशिरा पोचणाऱ्या रुग्णांच्या कहाण्या ज्या वळणाने जातात ते वळण तेवढं तिच्या नावावर घातलं आहे. वय पंचावन्न, आठ-दहा वर्षांचा मधुमेह. सोसायटीच्या गेटवरच्या दोन कुत्र्यांची भांडणं सोडवायला गेली आणि तिच्याच हातून रोज पोळी खाणाऱ्या कुत्र्याने गडबडीत तिची तर्जनी धरली. ती स्वतः कुत्र्याची बाजू घेते, “त्याने मुद्दाम नाही केलं” म्हणते.

शून्य दिवस. नळाखाली हात धरला, मिनिटभर. केंद्रात लस मिळाली, जखमेभोवती रेबीजविरोधी सिरम टोचलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. सगळं वेळेवर आणि बरोबर. कार्डावर पहिला शिक्का.

रात्री बोट ठणकू लागलं. पाश्चरेला घाई करणारा जंतू आहे, कुत्र्याच्या चाव्यानंतर साधारण एका दिवसात तो आपली हजेरी लावतो. सकाळी मेडिकलच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या आल्या. दुकानदाराने दिलं ते सेफॅलेक्सिन, फोडांवर आणि केसतोडांवर चांगलं चालतं. पाश्चरेलावर ते भरवशाचं नाही. एरिथ्रोमायसिन नाही, क्लॉक्सॅसिलिनही नाही. पण सूज थोडी उतरली, कारण पाचातल्या दोन-तीन जंतूंना त्याने आवर घातला. अर्धवट लागू पडलेलं औषध हे मुळीच लागू न पडलेल्या औषधापेक्षा जास्त फसवं.

तिसरा दिवस. दुसरा शिक्का. सुई दंडावर, पट्टी बोटावर. सिस्टरच्या पुढे रांग. पट्टी कोणी सोडली नाही.

सातव्या दिवशी लाली ओसरलेली, पण बोट सॉसेजसारखं फुगलेलं आणि अर्धवट वाकलेलं. पोळी लाटताना बोट लागत नाही, म्हणून ती आता चार बोटांनी लाटते. घरचे म्हणतात, साखर आहे ना, जखम हळूच भरणार. तिसरा शिक्का पडतो. पुढच्या तीन आठवड्यांत कुठेतरी कोणीतरी एक्स-रे काढायला सांगतो आणि अहवाल येतो: हाड ठीक. हा अहवाल खोटा नसतो, फक्त लवकर असतो. हाडातल्या खनिजांचा तीसेक ते पन्नास टक्के भाग गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर डाग दिसत नाही, आणि तेवढं जायला दहा ते चौदा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून पहिल्या दिवशीचा एक्स-रे फ्रॅक्चर आणि तुटलेल्या दाताचा तुकडा शोधण्यासाठी असतो. त्यावरून हाडाला चांगल्या वागणुकीचा दाखला देता येत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी चौथा शिक्का. जखमेची खपली पडलेली, पण तिच्याशेजारी टाचणीच्या टोकाएवढं तोंड, त्यातून दिवसाआड एखादा थेंब. आता काढलेल्या एक्स-रेत सांध्याच्या दोन्ही बाजूंचं हाड वाळवी लागल्यासारखं दिसतं.

या दुखण्याला वैद्यकात ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. हे नाव फ्रेंच सर्जन नेलाताँ यांनी १८४४ मध्ये रूढ केलं असं मानलं जातं. गावाकडचा जुना शब्द हाड्यावर्ण. तो जास्त नेमका वाटतो, कारण त्यात दोन गोष्टी एकत्र येतात: व्रण वर दिसतो आणि मूळ हाडात असतं. ऐकणाऱ्याला औषध कुठवर पोचायला हवं हे आपोआप कळतं.

हाडात पू झाला की तो इतका चिवट का, याचं कारण हाडाच्या टणकपणातच आहे. मांसात पू झाला तर मांस फुगतं, कातडी ताणते, गळू पिकतं आणि फुटतं. हाड फुगू शकत नाही. आत पू साठला की दाब वाढतो, दाबाने बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि रक्त न मिळाल्याने हाडाचा तो तुकडा मरतो. गोळीतलं औषध रक्ताबरोबर जातं. जिथे रक्तच नाही तिथे ते जाणार कसं? पेठेतल्या जुन्या वाड्याला आग लागावी आणि बंब यायच्या आधीच बोळाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कोसळून वाट बुजावी, तसा हा प्रकार. आत अडकलेल्या मेलेल्या तुकड्याभोवती शरीर नवं हाड घालू लागतं, म्हणजे निखारे आत ठेवून वर भिंत बांधतं. जंतू त्या मेलेल्या हाडावर चिकट थर करून बसतात. महिने जातात, कधी वर्षं. मग एका सकाळी पुन्हा तोंड फुटतं आणि क्वचित पुवाबरोबर तांदळाच्या कणीएवढा हाडाचा कपचा बाहेर येतो.

प्रतिजैविकांपूर्वी या आजारापुढे सर्जन किती हतबल होते ते विल्यम बेअर यांच्या प्रयोगावरून दिसतं. पहिल्या महायुद्धात १९१७ साली त्यांनी रणभूमीवर सात दिवस पडून राहिलेले दोन सैनिक पाहिले. मांडीची हाडं मोडलेली, जखमांत किडे वळवळत होते, आणि किडे धुऊन काढल्यावर खाली गुलाबी, निरोगी मांस. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये १९२८ पासून त्यांनी हाडाच्या जुनाट पुवाच्या रुग्णांवर, त्यांत कितीतरी मुलं, मुद्दाम अळ्या सोडल्या, आणि अनेक जखमा भरल्या. अळ्यांनी केलं ते इतकंच की मेलेलं तेवढं खाल्लं. आजचा सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये चमच्यासारख्या धारदार हत्याराने हेच काम करतो. रक्त येईपर्यंत हाड खरवडतो, कारण रक्त आलं म्हणजे जिवंत हाड आलं.

उपचाराचा बाकी भाग थोडक्यात. एमआरआयवर हाडातली सूज काही दिवसांतच दिसते, एक्स-रेची वाट पाहावी लागत नाही. वाहत्या तोंडातून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावर बहुधा कातडीवरचे उपरे जंतू वाढतात, म्हणून खरा नमुना हाडाचाच. औषध चार ते सहा आठवडे, सुरुवातीला बहुतेक वेळा शिरेतून. सांध्यात पू असेल तर मात्र घड्याळाकडे बघून काम करावं लागतं, कारण सांध्यावरची कूर्चा पुवात काही दिवसांत विरघळते आणि परत येत नाही. बोट वाचलं तरी ताठ राहू शकतं. आपल्या नमुन्यातल्या बाईच्या बाबतीत प्रश्न शेवटी असा येऊन ठेपतो: सहा आठवडे औषध आणि नंतर न वाकणारं बोट, की पहिलं पेर काढून टाकणं. अनेक जण दुसरा पर्याय निवडतात, आणि सर्जन त्यांना दोष देत नाहीत.

हात हा या गोष्टीचा मुख्य नायक असला तरी एकटा नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचं डोकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं आणि अशा मुलांना होणारे चावे चेहरा, डोकं, मान इथेच जास्त पडतात. तान्ह्या मुलाची कवटी इतकी पातळ की सुळा तिच्या आरपार जाऊ शकतो. केसांत लपलेलं भोक, वर दोन टाके, मूल खेळतंय. आणि काही दिवसांनी ताप, उलट्या. कवटीच्या हाडातला पू आणि मेंदूतलं गळू झालेली अशी मुलं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. लहान मुलाच्या डोक्याला दात लागला असेल तर सीटी स्कॅन ही डॉक्टरची पैसे काढायची युक्ती नव्हे, हे आईबापांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं.

दुसरी जागा मधुमेह्याचा पाय. देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचं २०२३ मधल्या पाहणीने दाखवलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या तळव्यांची जाणीव गेलेली असते. दुखत नाही म्हणून बघत नाही, बघत नाही म्हणून कळत नाही. हे ठळकपणे ओळखलं गेलं ते कुष्ठरोग्यांच्या बाबतीत. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या रुग्णांची बोटं रात्रीतून कमी होत होती, आणि रोग बोटं झडवतो अशी समजूत होती. पाळत ठेवली तेव्हा उंदीर बोटं कुरतडताना सापडले. झोपलेल्या माणसाला पत्ताच नाही. तेव्हापासून रुग्णालयातून घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची रीत पडली. मांजराच्या चाव्याची निंदा करून झाल्यावर त्याच्या बाजूचा हा पुरावाही नोंदवणं न्यायाचं ठरेल.

मग घरी काय करायचं? रेबीजसाठी जे सांगितलं जातं तेच हाडालाही उपयोगी पडतं: साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं म्हणजे कुकरला वरण-भात लावून शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ, आणि तेवढा वेळ नळाखाली हात धरून उभं राहिलेला माणूस प्रत्यक्षात बघायला मिळणं दुर्मीळ. त्याऐवजी तिखट, चुना, तंबाखू, तेल, हळद, बॅटरीतली काळी पूडसुद्धा भोकात भरली जाते. हे सगळं जंतूंना छप्पर घालून देणं आहे. टाक्यांचंही तसंच. नातेवाईक टाक्यांसाठी हटून बसतात, “एवढं फाटलंय आणि डॉक्टर नुसती पट्टी बांधतात” म्हणून नाराज होतात. चेहऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे रक्तपुरवठा भरपूर आणि व्रण दिसणारा. हातावरचं भोक मात्र शिवलं की आतल्या लाळेवर झाकण पडतं.

गोळ्यांबद्दलही दोन शब्द. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या सूचना जगभर वापरल्या जातात. जखम हाताची किंवा चेहऱ्याची असेल, हाडाच्या आवरणापर्यंत वा सांध्याच्या पिशवीपर्यंत गेली असल्याची शंका असेल, रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, प्लीहा काढलेली असेल किंवा यकृत खराब असेल, तर जखम चिघळायची वाट न पाहता तीन ते पाच दिवस औषध द्यावं, आणि ते अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट. हे औषध भारतात तालुक्याच्या गावातही मिळतं, महागही नाही. अडचण दुकानात नसून कोणाला द्यायचं हे ठरवण्यात आहे, आणि ते ठरवायला पट्टी सोडावी लागते.

श्वानदंशाच्या कार्डाला नावं ठेवण्याची एक फॅशन आहे. प्रत्यक्षात या देशात दुसरा कुठलाही जखमी माणूस महिन्याभरात चार वेळा आपण होऊन, न बोलावता, सरकारी दवाखान्यात परत येत नाही. विळ्याने कापलेला येत नाही, पडून हात मोडलेला प्लास्टर काढायलासुद्धा कधी येत नाही. श्वानदंशाचा येतो, कारण त्याला मरणाची भीती आहे आणि हातात तारखांचं कार्ड आहे. तिसरा दिवस हा पाश्चरेला पकडायचा दिवस. सातवा दिवस ज्या बोटाची सूज उतरायला हवी होती आणि उतरली नाही, ते ओळखायचा. अठ्ठाविसाव्यापर्यंत एक्स-रेला बोलायला पुरेसा वेळ मिळालेला असतो. लशीच्या वेळापत्रकाने हाडाच्या वेळापत्रकाला अनायासे गाठलेलं आहे आणि कोणाच्या ते ध्यानात नाही. नवी योजना नको, नवा निधी नको. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रत्येक तारखेपुढे ‘सूज’, ‘बोट वाकतं का’ आणि ‘स्राव’ एवढे तीन रकाने छापले तरी रांगेतल्या सिस्टरला ते भरण्यासाठी पट्टी सोडावीच लागेल. सरकारी कागदाची ही एक ताकद आहे: रकाना असला की तो भरला जातो.

अशा व्याख्यानानंतर हमखास एक हात वर होतो आणि विचारतो: कुत्र्याने नुसतं चाटलं तर? विचारणाऱ्याच्या घरी बहुधा कुत्रा असतो आणि मनात थोडी अपराधी भावना. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसलेले आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावताना पाहत आपण मोठे झालो; कुत्र्याच्या जिभेत औषध असतं ही समजूत आपल्याकडे आहे, तशी ती प्राचीन ग्रीसमध्येही होती. एपिडॉरसच्या देवळातले शिलालेख कुत्र्याने चाटून बऱ्या झालेल्या रुग्णांच्या हकिगती सांगतात. धडधाकट माणसाच्या धडक्या कातडीवरून कुत्र्याची जीभ फिरली तर काही होत नाही. पण ज्यांचा गुडघा बदललेला आहे अशांच्या कृत्रिम सांध्यात पाश्चरेलाचा पू झाल्याच्या नोंदी जगभरातून आल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना कुत्रा चावलेलाच नव्हता. त्याने फक्त पायावरचं खरचटलेलं चाटलं होतं. धातूला रक्तवाहिन्या नसतात. तिथे बसलेल्या जंतूला हुसकायचं तर कधी सगळा सांधा काढून, काही आठवडे औषध देऊन, दुसरा बसवावा लागतो. गुडघा बदललेल्या आजोबांनी संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला जरूर न्यावं. पायजम्याखाली काही खरचटलेलं असेल तर त्यावर आधी पट्टी लावावी, आणि परत आल्यावर सोफ्यावर पाय पसरून बसताना तो पाय कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवावा.